थिनरच्या डब्यापासून लघवीच्या रिपोर्टपर्यंत: मिश्र द्रावकांचा शरीरातला हिशेब

रंगकाम संपलं की स्प्रे गन धुतली जाते. पेंटर एका उथळ डब्यात थिनर ओततो, गनचे सुटे भाग त्यात टाकतो, ब्रश फिरवतो आणि जाता जाता बोटांवरचा रंगही त्याच थिनरनं पुसतो. पाच-सात मिनिटांचं काम. पण दिवसभरात त्याच्या अंगात गेलेल्या द्रावकाचा मोठा वाटा याच पाच-सात मिनिटांतला असू शकतो. नाकाला वास एकच येतो. रक्तात मात्र टोल्युईन, झायलीन, ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट अशी तीन-चार द्रावकं एकदमच शिरतात. शरीराला ती सगळी एकाच वेळी निस्तरावी लागतात, आणि तिथेच हिशेब बदलतो.

हा लेख सुरक्षा अधिकारी, औद्योगिक आरोग्याचे डॉक्टर, परिचारिका किंवा सुपरवायझर म्हणून नव्यानं काम सुरू करणाऱ्यांसाठी आहे. मीही सुरुवातीला सुटासुटा विचार करायचो: झायलीनचा रिपोर्ट मर्यादेत, टोल्युईनचा रिपोर्ट मर्यादेत, म्हणजे माणूस ठीक. एका कामगाराला मी तसं सांगितलंही. तो समोर बसून सांगत होता की संध्याकाळी डोकं जड होतं, जिना उतरताना तोल जातो, आणि मी त्याला रिपोर्ट दाखवत होतो. तो खरं बोलत होता. कागदावरचा आकडा खरा असूनही त्यावरून मी काढलेला अर्थ चुकीचा होता. मिश्र संपर्कात लघवीतला आकडा कमी आला म्हणजे आत गेलेलं द्रावक कमी, असं धरून चालत नाही. हे का, आणि मग करायचं काय, ते क्रमानं पाहू.

पायरी १: डब्यात नेमकं काय आहे ते लिहून काढा

सेफ्टी डेटा शीट मागवा. तिचे १६ विभाग असतात. सुरुवातीला तिसरा, आठवा आणि अकरावा वाचा: घटक, संपर्काच्या मर्यादा आणि विषारीपणा. मग एक वही घ्या आणि एका माणसाच्या टेबलावर दिवसभरात येणारी सगळी उत्पादनं एका पानावर उतरवा. रंग, थिनर, चिकटद्रव्य, ग्रीस काढायचा स्प्रे, हात पुसायचं द्रव, सगळं. उत्पादनाप्रमाणे फाइल ठेवली की प्रत्येक फाइल निरुपद्रवी दिसते. माणसाप्रमाणे पान केलं की खरं मिश्रण दिसतं.

नावावर जाऊ नका. बाजारात ‘झायलीन’ म्हणून मिळतं त्यात इथिलबेंझिनही असतं. ‘हेक्झेन’च्या पिंपात एन-हेक्झेन आणि त्याचे भाऊबंद एकत्र असतात, आणि त्यातलं एन-हेक्झेनच नसांचं, म्हणजे मज्जातंतूंचं वैरी.

पुरवठादारानं घटक बदलले की पान पुन्हा लिहा. ही बाब मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण इतिहासात माणसं याच जागी पांगळी झाली आहेत. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबस इथल्या लेपित कापडाच्या कारखान्यात कामगारांचे हातपाय लुळे पडू लागले. त्याच्या आदल्या वर्षी छपाईच्या विभागात एक द्रावक बदललं होतं: मिथिल आयसोब्युटाइल कीटोनच्या जागी मिथिल एन-ब्युटाइल कीटोन. नावात जेमतेम फरक. पण नव्या द्रावकापासून शरीरात २,५-हेक्झेनडायोन तयार होतं, जे लांब नसांच्या टोकांना मारतं. शिवाय त्याच मिश्रणात मिथिल इथिल कीटोन, म्हणजे एमईकेही होतं. त्याच दशकात पश्चिम बर्लिनमध्ये थिनर हुंगणाऱ्या तरुणांच्या बाबतीत तर याहून विचित्र घडलं. थिनरमधलं हेक्झेन कमी करून त्यात एमईके घातलं गेलं, आणि वर्षानुवर्षं हुंगूनही चालतीफिरती असलेली मुलं त्यानंतर हातपाय लुळे पडलेल्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागली. हेक्झेन कमी झालं होतं आणि इजा वाढली होती.

पायरी २: आत शिरायच्या वाटा पाहा

श्वास ही मोठी वाट. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा घेतो. अंगमेहनत करताना हाच आकडा २०-३० लिटरवर जातो. हवेतलं प्रमाण तेच असलं तरी पिंप ढकलणारा आणि टेबलाशी बसून लेबल चिकटवणारा यांच्या रक्तात सारखं द्रावक जात नाही. त्यातही रक्तात सहज विरघळणाऱ्या द्रावकांना मेहनतीचा फरक जास्त पडतो. टोल्युईन हवेपेक्षा रक्तात साधारण १५ पट विरघळतं, ॲसिटोन २०० पटींहून जास्त. त्यामुळे ॲसिटोन जेवढं श्वासात येईल तेवढं रक्त शोषून घेत राहतं. एन-हेक्झेन रक्तात फारसं विरघळत नाही, पण चरबीत साठतं.

दुसरी वाट त्वचेची, आणि ती सारखी विसरली जाते. डायमिथिल फॉर्मामाइड आणि ग्लायकॉल इथर कातडीतून सहज आत जातात. अशा ठिकाणी हवेचं मोजमाप कितीही चांगलं आलं तरी कामगाराचा हात डब्यात असेल तर त्या मोजमापाला अर्थ उरत नाही. म्हणून हवा मोजायला जाल तेव्हा यंत्र लावून निघून येऊ नका. अर्धा तास उभे राहून हात बघा. चिंधी कोणत्या खिशात ठेवतो, हातमोजा कधी काढतो, बाही ओली आहे का, हे सगळं टिपा.

पायरी ३: यकृतातली रांग समजून घ्या

बहुतेक द्रावकं तेलकट स्वभावाची, पाण्यात न विरघळणारी. ती तशीच लघवीवाटे जाऊ शकत नाहीत. यकृत त्यांचं रूप बदलून त्यांना पाण्यात विरघळतील अशी करतं. टोल्युईनचंच घ्या. त्याचं आधी बेंझिल अल्कोहोल होतं, मग बेंझाल्डिहाइड, मग बेंझॉइक आम्ल, आणि शेवटी ग्लायसीन हे अमिनो आम्ल त्याला जोडून हिप्प्युरिक आम्ल, जे लघवीतून बाहेर पडतं. शोषलेल्या टोल्युईनपैकी साधारण ८० टक्के या मार्गानं जातं. उरलेल्यातलं बरंचसं श्वासावाटे जसंच्या तसं बाहेर येतं.

यातली पहिली पायरी पार पाडणाऱ्या एन्झाइमांमध्ये सीवायपी२ई१ हे महत्त्वाचं. बेंझिन, टोल्युईन, स्टायरिन, ट्रायक्लोरोइथिलीन, डायक्लोरोमिथेन आणि दारूतलं इथेनॉलसुद्धा, कमीअधिक प्रमाणात सगळ्यांना याच खिडकीवर यावं लागतं. खिडकी एक आणि रांगेत चौघं, मग प्रत्येकाचं काम रेंगाळतं. त्याचे दोन परिणाम एकदम होतात. मूळ द्रावक रक्तात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहतं. आणि त्याचं बदललेलं रूप, ज्याला मेटाबोलाइट म्हणतात, लघवीत कमी किंवा उशिरा उतरतं. माझ्यासमोर बसलेल्या त्या कामगाराचा रिपोर्ट ‘चांगला’ दिसण्यामागे हे कारण असू शकतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. टोल्युईन-झायलीनची गुंगी मूळ द्रावकामुळे येते. ते मेंदूत बसलेलं, आणि मी लघवीतलं मेटाबोलाइट मोजून समाधानी.

ही रांग कधी तुंबते? दरवेळी नाही. स्वयंसेवकांना टोल्युईन ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) आणि झायलीन ४० पीपीएम एकत्र दिलं तेव्हा फरक दिसला नाही. ९५ आणि ८० पीपीएमवर मात्र दोघांचीही रक्तातली पातळी वाढली आणि हिप्प्युरिक आम्ल बाहेर पडायला उशीर झाला. म्हणजे चांगल्या वायुवीजनात, मर्यादेच्या आत काम चालू असेल तर या स्पर्धेला घाबरायचं कारण नाही. पण टाकीच्या आत, बंद कोपऱ्यात, गन धुताना, सांडलेलं पुसताना प्रमाण थोड्या वेळासाठी झपकन वर जातं. रांग तुंबते ती तिथं. आठ तासांच्या सरासरीत हे क्षण बुडून जातात, म्हणून ते वेगळे मोजा.

पायरी ४: विष कोण, मूळ द्रावक की त्याचं बदललेलं रूप?

प्रत्येक द्रावकाबाबत हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. रांगेत थांबणं बरं की वाईट, ते यावर ठरतं.

मिथेनॉल स्वतः फारसं घातक नाही. त्यापासून होणारं फॉर्मिक आम्ल डोळे घालवतं. म्हणून मिथेनॉलच्या विषबाधेत डॉक्टर इथेनॉल देऊ शकतात: ते मिथेनॉलचं रूप बदलणारं एन्झाइम (अल्कोहोल डीहायड्रोजिनेज) अडवून धरतं आणि मिथेनॉलचं रूपांतर थांबतं. इथं अडवणूक जीव वाचवते. बेंझिनचंही विष मेटाबोलाइटमध्येच आहे, तेच अस्थिमज्जेला बाधतं. सोबत भरपूर टोल्युईन असेल तर बेंझिनचं रूपांतर मंदावतं. यावरून टोल्युईन बेंझिनपासून संरक्षण देतं असा निष्कर्ष काढणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. टोल्युईन कमी झालं की रांग पुन्हा पुढं सरकते, आणि बेंझिन कॅन्सरकारक आहे हे पक्कं ठाऊक आहे.

डायक्लोरोमिथेनची गोष्ट वेगळीच. जुना रंग काढायच्या द्रवांमध्ये ते वापरलं जात आलं आहे. १९७२ मध्ये लक्षात आलं की शरीरात त्याचं काही अंशी कार्बन मोनॉक्साइड होतं. म्हणजे जवळपास धूर नाही, शेगडी नाही, इंजिन नाही, आणि तरीही रक्तातल्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड चिकटत राहतो. चरबीत साठलेलं द्रावक हळूहळू सुटत असल्यानं काम थांबल्यावरही काही तास तो बनत राहतो. हृदयविकार असलेल्या माणसासाठी हे गंभीर आहे, धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात तर तो आधीच असतो. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटतं आणि आकडा ९८ टक्के दाखवू शकतो. रक्तातलं कार्बोक्सिहिमोग्लोबिन तपासून घ्या.

पायरी ५: त्याच वेळी अडवणारा, दुसऱ्या दिवशी वाढवणारा

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथं उडतो. इथेनॉल, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल हे पदार्थ शरीरात असतात तोवर सीवायपी२ई१ अडवून ठेवतात. पण वारंवार येत राहिले की शरीरात हेच एन्झाइम वाढतं. मग ते पदार्थ निघून गेले, की मोकळं झालेलं आणि वाढलेलं एन्झाइम समोर येईल त्यावर तुटून पडतं.

आयसोप्रोपिल अल्कोहोल बाटल्यांत भरणाऱ्या एका कारखान्यातल्या विषबाधेची नोंद १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. यंत्रं साफ करायला कार्बन टेट्राक्लोराइड वापरलं गेलं आणि अनेक कामगार आजारी पडले. यकृत आणि मूत्रपिंड दोन्हींना इजा झाली. अल्कोहोलच्या वाफा त्यांच्या अंगात ॲसिटोनच्या रूपात होत्या, एन्झाइम वाढलेलं होतं, आणि त्यानं कार्बन टेट्राक्लोराइडचं घातक रूपात झपाट्यानं रूपांतर केलं. एकेकट्यानं आलेले हे पदार्थ कदाचित निभावले असते.

दारूचंही तसंच. कामगाराला ‘दारू वाईट’ एवढंच सांगून उपयोग नाही, कधी प्यायली तर काय होतं ते सांगा. झायलीनच्या संपर्काआधी थोडं मद्य घेतलेल्या स्वयंसेवकांच्या रक्तात झायलीन दीड ते दोन पट चढलं आणि लघवीतलं मिथिलहिप्प्युरिक आम्ल (झायलीनचं मेटाबोलाइट) जवळजवळ निम्म्यावर आलं. रोज पिणाऱ्याचं एन्झाइम मात्र वाढलेलं असतं. उपाशीपोटी राहणं आणि ताब्यात नसलेला मधुमेह यांनीही ते वाढतं. वैद्यकीय तपासणीत हे प्रश्न विचारा. पॅरासिटामॉल किती आणि किती वेळा घेतो तेही विचारा, कारण त्याचा विषारी अंश बनवणारंही हेच एन्झाइम आहे.

डायमिथिल फॉर्मामाइड किंवा ट्रायक्लोरोइथिलीनवर काम करणारा कुणी म्हणाला, ‘हल्ली दोन घोट घेतले तरी तोंड लालबुंद होतं’, तर ती गंमत समजून सोडू नका. ती शोषणाची खूण आहे, आणि ती यंत्राआधी दिसते.

आणि एमईके? एन-हेक्झेनसोबत एमईके दिलेल्या माणसांमध्ये २,५-हेक्झेनडायोन (हेक्झेनपासूनही हेच बनतं) लघवीत कमी उतरल्याचं आढळलं आहे. प्राण्यांमध्ये मात्र याच जोडीनं नसांची इजा वाढते, आणि बर्लिनमध्ये माणसांतही ती वाढलेली दिसली. म्हणजे ज्या मिश्रणात धोका जास्त, नेमका त्याच मिश्रणात रिपोर्ट कमी येऊ शकतो. १९९९-२००० मध्ये कॅलिफोर्नियात गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना नसांचा आजार झाला, तेव्हा त्यांच्या ब्रेक क्लीनर स्प्रेमध्ये हेक्झेन होतं. आणि अशा स्प्रेंमध्ये हेक्झेनच्या जोडीला ॲसिटोन असणं ही नेहमीची गोष्ट. हेक्झेन आणि कुठलंही कीटोन (ॲसिटोन, एमईके ही त्याच गटातली) एका पानावर दिसलं की मी त्या पानावर लाल खूण करतो आणि रिपोर्टची वाट न पाहता ते हेक्झेन बदलण्याच्या मागे लागतो.

पायरी ६: नमुना योग्य वेळी, योग्य रीतीनं घ्या

टोल्युईन, झायलीन, स्टायरिन, हेक्झेन यांच्यासाठी कामाची पाळी (शिफ्ट) संपताना लघवी घ्यावी. ट्रायक्लोरोइथिलीनचं ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल सावकाश बाहेर पडतं आणि दिवसागणिक साठत जातं, त्यासाठी आठवड्याच्या शेवटच्या पाळीनंतर. स्टायरिनसाठी मँडेलिक आणि फेनिलग्लायॉक्सिलिक या दोन आम्लांची बेरीज पाहतात.

टोल्युईनसाठी हिप्प्युरिक आम्ल आता पुरेसं मानलं जात नाही. सोडियम बेंझोएट हे परिरक्षक पोटात गेलं तरी तेच आम्ल बनतं, त्यामुळे कमी संपर्कात त्यातून काही कळत नाही. ऑर्थो-क्रेसॉल (टोल्युईनचंच दुसरं मेटाबोलाइट) किंवा लघवीतलं मूळ टोल्युईन मागवा. मिश्र संपर्कात तर मूळ द्रावक मोजण्यावर माझा जोर असतो, कारण रांग तुंबली तरी तो आकडा खाली पडत नाही. शक्य असेल तिथं दोन्ही मोजा. मूळ द्रावक जास्त आणि मेटाबोलाइट कमी अशी जोडी दिसली, की एन्झाइम अडल्याची शंका घ्या.

मूळ द्रावकासाठीचा नमुना मात्र नाजूक असतो. कामगारानं आधी कपडे बदलावेत, हात साबणानं धुवावेत, आणि नमुना कामाच्या जागेपासून लांब द्यावा. थिनर लागलेल्या बोटानं झाकण उघडलं तरी नमुना बिघडतो. बाटली काठोकाठ भरून लगेच घट्ट बंद करा. वर मोकळी जागा राहिली की द्रावक लघवीतून उडून त्या जागेत जातं आणि झाकण उघडताच निसटतं. लघवी फार पातळ किंवा फार घट्ट असेल, म्हणजे क्रिएटिनिन लिटरला ०.३ ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३ ग्रॅमपेक्षा जास्त, तर नमुना पुन्हा घ्या.

बाटलीच्या लेबलावर त्या दिवशी वापरलेली सगळी उत्पादनं, शेवटचं मद्य कधी घेतलं आणि कोणती औषधं चालू आहेत, हे लिहा. हे नसेल तर मिश्र संपर्काचा रिपोर्ट वाचताच येत नाही.

पायरी ७: हवेच्या आकड्यांची बेरीज करा

एकाच अवयवावर परिणाम करणारी द्रावकं एकत्र असतील तर प्रत्येकाचं मोजलेलं प्रमाण त्याच्या मर्यादेनं भागा आणि उत्तरं मिळवा. बेरीज १ च्या वर गेली की मर्यादा ओलांडली. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेच्या मर्यादा घेऊन पाहा: टोल्युईन २० पीपीएम, झायलीन २०, ॲसिटोन २५०. समजा मोजमापात अनुक्रमे १०, ८ आणि ७५ आलं. भागाकार ०.५, ०.४ आणि ०.३. बेरीज १.२. तिन्ही आकडे सुटे पाहिले तर निर्धास्त व्हावं असे, पण एकत्र मर्यादेबाहेर. तुमच्याकडच्या कायद्यातल्या मर्यादा वेगळ्या असू शकतात, रीत तीच.

हे सूत्र परिणामांची साधी बेरीज धरतं. हेक्झेन-एमईकेसारख्या जोड्यांमध्ये एक द्रावक दुसऱ्याची इजा वाढवतं, आणि ते या बेरजेत कुठेच येत नाही. तिथं बेरीज १ च्या आत आली तरी थांबू नका. पाळी १२ तासांची असेल तर मर्यादा आणखी खाली धरा. शरीराला निचरा करायला मिळणारा वेळ १६ तासांवरून १२ वर आलेला असतो.

पायरी ८: आता बदल करा

सर्वांत आधी उघडा डबा हटवा. बंद झाकणाचं गन धुण्याचं यंत्र आणि वाफ उगमापाशीच ओढणारा एक्झॉस्ट, या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडतो तेवढा कोणत्याही मास्कनं पडत नाही.

हातमोजे आणि मास्कही मिश्रणापुढे वेगळे वागतात. नायट्राइल हातमोजा ॲसिटोनपुढे काही मिनिटांतच हार मानतो. ब्युटाइल रबर कीटोनला चांगलं, पण टोल्युईन-झायलीनपुढे फार टिकत नाही. दोन्ही एकाच डब्यात असतील तर अनेक थरांचा लॅमिनेट हातमोजा आत आणि पकडीसाठी नायट्राइल वरून, असं करावं लागतं. मास्कच्या कार्बन कार्ट्रिजमधून हलकी द्रावकं आधी निसटतात. डायक्लोरोमिथेन तर फारच लवकर. टोल्युईन येऊन बसलं की आधी धरलेलं ॲसिटोन कार्बनवरून ढकललं जातं. म्हणून कार्ट्रिज कधी बदलायचं हे मिश्रणातल्या सर्वांत हलक्या द्रावकावरून ठरवा. वास येईपर्यंत थांबू नका.

हेक्झेनचा संशय असेल तर कामगाराच्या पायाच्या बोटांकडे लक्ष द्या. मुंग्या, बधिरपणा, चप्पल पायातून निसटलेली न कळणं, अशी सुरुवात होते. असं कुणी सांगितलं तर त्याला त्याच दिवशी त्या कामावरून हलवा. आकडा नंतर येईल. आणि त्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: संपर्क थांबल्यावरही पुढचे दोन-तीन महिने अशक्तपणा वाढू शकतो, मग सुधारणा सुरू होते. हे माहीत नसलं की माणूस घाबरतो, काम सोडूनही बिघडतंय म्हणजे कारण दुसरंच असणार असं समजतो, आणि पगारासाठी पुन्हा त्याच डब्यापाशी जाऊन उभा राहतो.